टाकीचा तळ आधी बघा : बोटीच्या डिझेलमधलं पाणी ओळखायचं कसं, काढायचं कसं

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपली की गोव्यातल्या मालीमच्या जेटीवरून बोटी बाहेर पडतात. त्यातली एखादी त्याच दुपारी दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधलेली परत येते. इंजिन ठीक असतं, बॅटरी ठीक असते, टाकीत डिझेलही भरपूर असतं. पण त्या डिझेलखाली दोन महिन्यांचं पाणी साठलेलं असतं. बोट जेटीला उभी असते तोवर ते तळाशी निवांत पडून राहतं. मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या बारवर, म्हणजे मुखातल्या उथळ वाळूच्या पट्ट्यावर, पहिल्या मोठ्या लाटेनं टाकी ढवळली की पाणी, गंज आणि काळा गाळ एकदमच फिल्टरकडे धाव घेतो.

माझी छोटी फायबरची बोट अशीच तिथं बंद पडली होती. ओहोटी लागलेली, बोटीत घरचीच माणसं. तासाभरात दोन फिल्टर बदलले, तिसरा नव्हता. शेवटी एका ट्रॉलरनं दोर दिला. त्यावरचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, वेंगुर्ल्याचे. जेटीला लागल्यावर ते माझ्या इंजिनापाशी वाकून म्हणाले, "अरे झिला, फिल्टर कित्याक बदलतस? टाकयेचो तळ बघितलंस काय?" मी बोट घेऊन दोन वर्षं झाली होती आणि तळ एकदाही बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच टाकीतून चार लिटर पाणी निघालं.

ज्यांनी नुकतीच बोट घेतली आहे, किंवा ज्यांच्याकडे वडिलांची होडी आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फिल्टर तुंबला म्हणजे वर, टाकीत काहीतरी बिघडलं आहे. ते शोधल्याशिवाय नुसते फिल्टर बदलत राहिलात तर पैसे जातील आणि बोट पुन्हा त्याच ठिकाणी बंद पडेल.

पाणी येतं कुठून

बहुतेकजण सांगतात की अर्धी रिकामी टाकी ठेवली की आतली हवा घाम धरते आणि ते पाणी तळाशी जमतं. हे खरं आहे, पण मला वाटतं या घामाच्या माथी गरजेपेक्षा जास्त दोष मारला जातो. थोडा हिशोब करून बघा. ऐन पावसाळ्यातल्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. २०० लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल तर आत १०० लिटर हवा, म्हणजे घनमीटरचा दहावा भाग. त्यातलं सगळं बाष्प एका रात्रीत गळून पडलं तरी दोन-अडीच ग्रॅम. अर्धा चमचा म्हणा. दिवसामागून दिवस हा चमचा साठतो, लोखंडी टाकीला आतून गंज चढवायला तो पुरतो. पण लिटर लिटर पाणी निघत असेल तर ते बाहेरून आलेलं आहे आणि त्याची वाट शोधायलाच हवी.

पहिली वाट म्हणजे डेकवरचं डिझेल भरायचं झाकण. त्याच्या आतली रबरी ओरिंग उन्हानं कडक होते, बारीक चिरा पडतात. झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण पाणी झिरपतं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा जून-जुलैचा, आणि नेमके तेच दोन महिने बोट उभी. झाकण डेकच्या खोलगट भागात असेल तर त्याच्यावर सतत डबकं. तपासायची रीत सोपी आहे. झाकण उघडा, नळीचं तोंड आणि आटे कापडानं कोरडे पुसा, झाकण लावा, वर बादलीभर पाणी हळूहळू ओता, पाच मिनिटं थांबा. आता झाकणाभोवतालचा डेक पुसून झाकण काढा आणि आट्यांच्या आत बोट फिरवा. ओलं लागलं तर ओरिंग गेली. काही रुपयांची वस्तू आहे, दरवर्षी मेच्या शेवटी बदलून टाका आणि नवीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

दुसरी वाट टाकीच्या श्वासनळीची, जिला आपण व्हेंट म्हणतो. तिचं तोंड बऱ्याच बोटींत बाजूला, पाण्यापासून हातभर उंचीवर असतं. बोट कलली, लाट आपटली, किंवा कोणी जोराच्या पाइपनं बोट धुतली की पाणी आत. नळी आधी उंच चढवून, हंसाच्या मानेसारखा बाक देऊन मग खाली वळवलेली असली पाहिजे. तशी नसेल तर करून घ्या. व्हेंटच्या तोंडाला बूच मारून ठेवण्याचा मोह टाळा, कारण टाकीला हवा मिळाली नाही तर इंजिन डिझेल ओढू शकत नाही आणि तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसाल.

तिसरी वाट पिंपाची आहे आणि ती बघेपर्यंत पटत नाही. डिझेलचं पिंप उघड्यावर उभं ठेवलं की वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी तळ्यासारखं साचतं, बुचाच्याही वर. दुपारी पिंप तापतं तेव्हा आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, पिंप गार झालं की तेच पिंप श्वास आत घेतं, पण आता बुचावर पाणी आहे, म्हणून पाणीच ओढलं जातं. बूच कितीही आवळा, थोडं थोडं जातंच. पिंप शक्यतो छपराखाली ठेवा. जागा नसेल तर आडवं करा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं ठेवा, म्हणजे ती आतून डिझेलनं झाकलेली राहतात.

राहिला पंप आणि कॅन. ज्या पंपावर रोज खूप डिझेल खपतं तिथंच भरा, आणि टँकर रिकामा होत असेल तर तासाभरानं या, कारण तेव्हा जमिनीखालच्या टाकीतला गाळ ढवळलेला असतो. कॅनमधून आणत असाल तर कॅन रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी ओतताना तळातलं दोन बोटं डिझेल कॅनमध्येच राहू द्या. पाणी अडवणाऱ्या बारीक जाळीचं नरसाळं मिळतं, ते जरूर घ्या. भरायला वेळ लागतो, पण नरसाळ्याच्या खळग्यात पाण्याचे गोल थेंब वेगळे लोळताना दिसतात, आणि ते एकदा पाहिलं की माणूस पुन्हा साधं नरसाळं वापरत नाही.

आधी बाटलीत बघा

काम सुरू करण्यापूर्वी टाकीत नेमकं काय आहे ते डोळ्यांनी पाहायचं. बोट एक रात्र हलवू नका. सकाळी, बोटीवर माणसांची ये-जा सुरू होण्याआधी, टाकीच्या तळाचा नमुना घ्या. खाली ड्रेन कॉक, म्हणजे तळाचं पाणी सोडायची तोटी, असेल तर सोपं. नसेल तर पातळ तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नळी डिझेल मोजायच्या भोकातून अगदी तळाला टेकेपर्यंत घाला आणि हातपंपानं हळू ओढा. बोट पाण्यात बहुधा मागच्या बाजूला बसलेली असते, म्हणून पाणी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात असतं. नळी तिकडे न्या.

नमुना काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या, लोणच्याची धुऊन वाळवलेली चालेल, आणि अर्धा तास उजेडात ठेवा. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचं १,०२५ ग्रॅम, म्हणून पाणी खाली बसणारच. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, त्याच्या तळाशी गंजाची तांबडी भुकटी. या दोन थरांच्या मधोमध करड्या-काळ्या सायीसारखा पदर दिसला तर ती बुरशी. तिच्याबद्दल पुढे सांगतो. सगळं डिझेल ताकासारखं गढूळ दिसत असेल तर पाणी त्यात बारीक कणांनी घुसळलं गेलं आहे. बरणी आणखी एक दिवस ठेवा.

इथं नवा माणूस हमखास फसतो. बरणीत एकच स्वच्छ थर दिसला, म्हणून तो खूश होतो. पण तळाशी इतकं पाणी असू शकतं की बरणीत डिझेल आलेलंच नाही, सगळं पाणीच आहे. हल्लीचं डिझेल फिकं असतं, त्यावरच्या तवंगानं वासही डिझेलचाच येतो. शंका असेल तर स्वयंपाकघरातला खायचा रंग चिमूटभर टाका. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, कणांच्या रूपात खाली उतरतो, आणि पाण्याला स्पर्श होताच लाल धागे सोडत पसरतो. बरणीतलं सगळंच लाल झालं तर काय समजायचं ते उघड आहे. पंपवाले जमिनीखालची टाकी तपासायला गजाला जी पाणी शोधायची पेस्ट लावतात तीही चालते. गजाच्या टोकाला लावून तळाला टेकवायची, जिथवर पाणी असेल तिथवर तिचा रंग बदलतो, आणि पाणी किती बोटं आहे तेही कळतं.

टाकी उपसताना

इंजिन बंद, गार. सगळी झाकणं आणि फळ्या उघडून हवा खेळती ठेवा, जवळ अग्निशामक असू द्या, बिडी-सिगारेट जेटीवरही नको. हातमोजे घाला, डिझेल रोज कातडीला लागणं बरं नाही.

पंप अगदी संथ चालवा. घाई केली तर पाणी आणि डिझेल पुन्हा घुसळतं आणि मग तासन्‌तास थांबावं लागतं. पारदर्शक नळी वापरली तर काय येतंय ते दिसतं. आधी गढूळ पाणी येईल, मग पाणी-डिझेलची सरमिसळ, मग डिझेल. डिझेल स्वच्छ दिसायला लागलं तरी लगेच थांबू नका. नळीचं टोक तळावर झाडू फिरवल्यासारखं कोपऱ्यांत फिरवा, आणखी चार-पाच लिटर काढा. टाकीत आडव्या पडद्या असतील तर प्रत्येक कप्प्यात वेगळं पाणी असतं. एका कप्प्यातून स्वच्छ आलं म्हणून दुसऱ्यातही तसंच असेल असं नाही. वर हात जाईल एवढं झाकण असेल तर ते उघडाच, टॉर्चनं आत बघा, गाळाचा चिकट थर चिंधीनं पुसून काढा. धागे सुटणारी चिंधी नको, त्यातला एक धागाही पुढे त्रास देतो. लोखंडी टाकीत पापुद्रे सुटत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: टाकी बदला. आतून रंग देऊन काम भागवणाऱ्यांचे रंगाचे पापुद्रे मी फिल्टरमधून काढलेले आहेत.

वरचं डिझेल चांगलं असेल तर ते टाकून द्यायची गरज नाही. १२ व्होल्टचा छोटा पंप आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर जोडून टाकीतलं डिझेल त्यातून फिरवत परत टाकीत सोडायचं. आधी ३० मायक्रॉनचा फिल्टर, मग १० चा. परतीच्या नळीचा झोत ओढण्याच्या जागेपासून लांबच्या भिंतीवर सोडा, म्हणजे तिथला गाळही सुटून येतो.

बुरशीचा पदर

डिझेल आणि पाणी जिथं भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांना पाण्यात राहायचं असतं आणि डिझेल खायचं असतं. आपल्या उकाड्यात त्या टाकीत आनंदानं फोफावतात. बोटांत घेतलं तर काळपट तपकिरी, बुळबुळीत, शेवाळासारखं लागतं, आणि वास कुजकट. फिल्टरच्या कागदावर तो थर बसला की डिझेल पुढे सरकत नाही. यांच्यामुळे तयार होणारी आम्लं टाकीलाही खातात.

मारायचं औषध मिळतं, पण क्रम चुकवू नका. आधी पाणी आणि गाळ काढायचा, मग बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत औषध, मग बोट थोडी चालवून ते सगळीकडे पोचू द्यायचं. गाळ तसाच ठेवून औषध ओतलं तर मेलेली बुरशी एकदम सुटते आणि एका तासात फिल्टर बुजतो. औषध विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. पाणी पुन्हा साचू दिलं नाही तर बुरशीला राहायला जागाच उरत नाही, म्हणून मी दरवर्षी औषध ओतत नाही, दरवर्षी तळ उपसतो.

पाणी डिझेलमध्ये विरघळवून जाळून टाकण्याचा दावा करणारी रसायनंही दुकानात दिसतात. ती मी वापरत नाही. ज्या पाण्याला नोजलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचू द्यायचं नाही, तेच अशानं नोजलपर्यंत जातं. तिथं उष्णतेनं त्याची क्षणात वाफ होते आणि नोजलचं टोक खराब होतं. इंजिनावरच्या डिझेल पंपाच्या आतले दट्टे तर डिझेलच्याच वंगणावर चालतात. पाणी गेलं की ते घासतात, गंजतात, अडकतात. पंप आणि नोजलचं बिल ज्यानं एकदा भरलं आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

फिल्टर बदलताना

साधारण दोन फिल्टर असतात. पहिला टाकी आणि फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या, मधे, खाली पारदर्शक वाटी असलेला. तो पाणी वेगळं करतो. दुसरा इंजिनावर, बारीक गाळणारा. पहिला नसेल तर बोटीसाठी पुढची खरेदी तीच करा. रोज निघण्यापूर्वी वाटी बघा, तळाशी पाणी दिसलं तर खालचा स्क्रू सैल करून डब्यात सोडा. इंजिन बंद असतानाच, कारण ही ओढीची बाजू आहे आणि चालू इंजिन तिथून हवा खेचतं.

बदलताना आधी टाकीचा कॉक बंद करा आणि इंजिनाची चावी त्या कॉकलाच अडकवून ठेवा. म्हणजे कॉक उघडायचा विसरून स्टार्टर मारत बसण्याची वेळ येणार नाही. जुनं एलिमेंट, म्हणजे फिल्टरचा आतला गाळणारा कागदी भाग, डब्यात काढा, वाटी पुसा, नव्या रबरांना बोटानं डिझेल लावा. जुनं रबर वर चिकटून राहिलेलं नाही ना ते बघा. दोन रबरं एकावर एक बसली की तिथून हवा येते, थेंबभरही डिझेल गळत नाही, आणि दोष सापडत नाही. पहिल्या फिल्टरचं भांडं स्वच्छ डिझेलनं काठोकाठ भरून बंद करा. इंजिनावरच्या बारीक फिल्टरमध्ये मात्र कॅनमधलं डिझेल ओतू नका. ते न गाळलेलं असतं आणि थेट पंपात जातं. तो हातपंपानंच भरा. जुनं एलिमेंट फेकण्याआधी कापून उघडा. लाल भुकटी म्हणजे टाकीचा गंज, काळा चिकट थर म्हणजे बुरशी, कागद फुगून सुरकुतलेला असेल तर पाणी.

एअर काढणं

फिल्टर उघडला की हवा शिरते, आणि डिझेल इंजिन हवेवर चालत नाही. पुढची रीत जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांची आहे. कॉमन रेल इंजिन, म्हणजे नवं, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं, असेल तर नोजलच्या नळ्यांना पाना लावूच नका. तिथला दाब १,००० बारपेक्षाही वर जातो आणि त्या झोतानं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. तसं कधी झालं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी थेट इस्पितळात जा, उशीर करू नका.

क्रम टाकीकडून इंजिनाकडे.

१. कॉक उघडा. इंजिनावरच्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा, खाली चिंधी धरा.

२. फीड पंपाचा हातदांडा मारा. आधी फसफस, मग फेस, मग बुडबुड्यांशिवाय डिझेल. ते सलग आलं की दांडा मारत असतानाच स्क्रू आवळा. दांडा एकदम सैल, दाब नसल्यासारखा लागत असेल तर पंप बिघडला असं समजू नका. आतला कॅम त्याला वर धरून बसलेला असतो. इंजिन हातानं अर्धा फेरा फिरवा, दांडा पुन्हा भरतो.

३. हेच मुख्य पंपावरच्या, म्हणजे नोजलना डिझेल पुरवणाऱ्या पंपावरच्या, एअर स्क्रूला करा.

४. नोजलवरचे नट अर्धा फेरा सैल करा, रेस पूर्ण द्या, स्टार्टर मारा. डिझेलच्या चिळकांड्या आल्या की एकेक आवळत जा. हात आणि तोंड लांब ठेवा.

चौथ्या पायरीला एक गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या बोटीत इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी एक्झॉस्टमधून बाहेर पडतं, तिथं इंजिन न पेटता खूप वेळ स्टार्टर मारला तर ते पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि उलटं सिलिंडरमध्ये येतं. डिझेलमधलं पाणी काढता काढता इंजिनात समुद्र भरायचा. म्हणून एअर काढताना समुद्राचा व्हॉल्व्ह बंद करा, इंजिन पेटल्या पेटल्या उघडा. स्टार्टरही दहा-पंधरा सेकंदच मारा, मग त्याला निवू द्या.

समुद्रात बंद पडलं तर

फिल्टर तुंबून इंजिनाला डिझेल कमी पडायला लागलं की ते आधी सांगतं. रेस आपोआप वर-खाली होते, ओझ्याखाली दम लागतो, कधी पांढरा धूर येतो. रेस उतरवली की जरा सावरतं. तेव्हाच किनाऱ्यापासून, खडकांपासून लांब, मोकळ्या पाण्याकडे तोंड करा. बंद पडलंच तर पहिलं काम नांगर. इंजिनाचं झाकण नंतर उघडा. बारजवळ ओढ आणि लाटा तुम्हाला वेळ देत नाहीत. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला सांगा. मदत लागेल असं वाटलं तर बोटीच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर बोला, किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावा. संकोच करू नका.

मी आता कायम २० लिटरचा एक कॅन स्वच्छ, गाळलेल्या डिझेलचा ठेवतो, सोबत दोन नळ्या. टाकी घाण निघाली तर कॅन इंजिनापेक्षा उंच बांधायचा, एक नळी फीड पंपाला, इंजिनाची परतीची नळी पुन्हा कॅनमध्ये. सलाइन लावल्यासारखं डिझेल उतरतं, पोटातली घाण टाकी बाजूला राहते आणि बोट घरी येते. या जोडण्या जेटीला उभं असताना एकदा करून बघा. हलत्या बोटीत, उलट्या होत असताना, कोणता नट कितीच्या पान्याला बसतो हे शोधायला लावू नका. त्यासोबत पहिल्या फिल्टरची निदान तीन एलिमेंट आणि दुसऱ्याची दोन.

पेट्रोलचं आउटबोर्ड असेल तर

बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या पेट्रोल इंजिनाचा, म्हणजे आउटबोर्डचा, प्रकार वेगळा आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी पिऊन घेतं, म्हणून थोडं पाणी दिसतच नाही. पण ठरावीक मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि खाली बसतात. तो थर इंजिनानं ओढला की ते बंद, आणि उरलेल्या पेट्रोलचाही कस गेलेला. हलवून, गाळून ते पूर्ववत होत नाही. ते काढून टाकावंच लागतं. म्हणून बंदीच्या काळात हातटाकीत पेट्रोल ठेवू नका, जूनआधी संपवा. बऱ्याच आउटबोर्डच्या फिल्टरच्या वाटीत एक लाल कडी असते. ती पेट्रोलमध्ये तळाशी असते आणि पाणी आलं की वर तरंगते. इंजिनाचं झाकण उघडाल तेव्हा तिच्याकडे बघायची सवय लावा. पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघते, तेव्हा टाकी किनाऱ्यावर नेऊनच रिकामी करा.

काढलेली घाण

ती मांडवीत, शापोऱ्यात, साळ नदीत, खाडीत, कुठंच ओतायची नाही. आपल्याच खडकांवर शिनाण्यांचे शिंपले वाढतात, आपल्याच पात्रातल्या तिसऱ्या आपण ताटात वाढतो. बरणीभर डिझेलचा तवंग केवढा पसरतो ते जेटीवरच्या कोणालाही विचारा. झाकणाच्या कॅनमध्ये दोन-तीन दिवस ठेवलं की पाणी खाली बसतं. वरचं डिझेल वेगळं काढा, उरलेलं पाणी-गाळ आणि जुनी एलिमेंट वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. ज्या गॅरेजात ऑइल बदलता तिथं बहुधा त्याचा पत्ता असतो. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सांडलं असेल तर शोषून घेणारी कापडं टाका. भांडी घासायच्या साबणानं धुऊन पंप मारला तर डिझेल दिसेनासं होतं, पण जातं पाण्यातच.

बंदीआधी आणि बंदीनंतर

मेच्या शेवटी तळ उपसा, झाकणाची ओरिंग बदला, डिझेल फुगायला थोडी जागा ठेवून टाकी जवळजवळ काठोकाठ भरा. दोन महिन्यांसाठी रिकाम्या टाकीपेक्षा भरलेली बरी, विशेषतः लोखंडी असेल तर. झाकणावर ताडपत्री घट्ट बांधा. जुलैत पाऊस उघडला की एकदा जाऊन वाटी बघा.

ऑगस्टमध्ये नारळ वाहायच्या आधी पुन्हा तळाचा नमुना बरणीत. तो स्वच्छ निघाला तरी पहिल्या दिवशी बाहेर जाऊ नका. मांडवीतच, मालीम-बेतीच्या अंगाला, फेरीबोटींची वाट सोडून, दोन तास चालवा. मुद्दाम वळणं घ्या, एखाद्या मोठ्या बोटीच्या लाटा आडव्या अंगावर घ्या, टाकी ढवळू द्या. तळाशी काही उरलं असेल तर ते इथं, जेटीच्या नजरेत वर येऊ दे. परत आल्यावर वाटी बघा, पहिल्या फिल्टरचं एलिमेंट बदला, काढलेलं कापून बघा, नव्याच्या डोक्यावर मार्करनं तारीख आणि इंजिनाचे तास लिहा. कॉक उघडा, एअर काढा, समुद्राचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना ते हात लावून बघा. दुसऱ्या सकाळी निघताना वाटी पुन्हा एकदा बघा, आणि ती स्वच्छ असेल तर बार ओलांडा.